पाय आणि पायताण

आपल्या शरीरात एकंदर २०६ हाडे असतात. त्यांपैकी ५२ हाडे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, केवळ दोन पावलांत असतात. हे ऐकून प्रथम नवल वाटते. पण पाऊल काय काय करते हे नीट पाहिले की नवल उरत नाही. टाच टेकते, भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवडा पसरतो, बोटे जमिनीला रेटा देतात आणि टाच पुन्हा वर येते. एवढा व्यापार एका पावलात होतो आणि दिवसातून हजारो वेळा होतो. शिवाय सकाळचे पाऊल आणि संध्याकाळचे पाऊल अगदी सारखे नसते. दिवसभर चालून ते किंचित फुगते. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतो. मुलांचे पाय तर वाढतच असतात. अशा ह्या सतत हलणाऱ्या आणि बदलणाऱ्या अवयवाला आपण कातड्याच्या किंवा रबराच्या एका ठरावीक आकारात बसवू पाहतो. मग नवी वहाण चावली तर त्यात आश्चर्य कसले?

तरी वहाणेवाचून चालत नाही, निदान आमच्या खानदेशात तरी नाही. अमळनेरच्या आसपासची जमीन काळी, कापसाची. वैशाखात ती अशी तापते की दुपारच्या वेळी उघड्या तळव्याने चार पावले टाकणेही कठीण होते. तीच माती पावसाळ्यात पायाला लोण्यासारखी धरते आणि बांध ओलांडीपर्यंत प्रत्येक पाय दुप्पट जड होतो. कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या कापल्या की त्यांचे तिरपे खुंट शेतभर टोके वर करून उभे राहतात. बाभळीचा काटा तर बारा महिन्यांचा सोबती. म्हणून येथला शेतकरी जाड तळाची वहाण वापरी, आणि चिखल लागला की तीच वहाण काढून हातात घेई. ‘अनवाणी’ हा आपला शब्द पाहा. संस्कृतात पादत्राणाला ‘उपानह्’ म्हणतात. त्यापासून ‘वहाण’ झाली, आणि जिच्या पायी वहाण नाही ती व्यक्ती अनवाणी. म्हणजे वहाण असणे ही रीत आणि ती नसणे हा अपवाद, असे जणू भाषेनेच ठरवून टाकले आहे. पण आपल्या देशातील किती माणसांच्या आयुष्यात हा अपवादच रीत होऊन बसला होता, हे भाषा सांगत नाही.

वहाणेचे कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरण्याची पद्धत फार जुनी आहे. कातडे ह्या रसात मुरले की कुजत नाही. गंमत अशी की ज्या बाभळीचा काटा पायात मोडतो, तिचीच साल पायाचे रक्षण करते! असे कमावलेले कातडे टिकाऊ असते, परंतु आरंभी फार ताठर असते. नवी वहाण पायात घातली की तिची कड त्वचेवर एका जागी पुनःपुन्हा घासते. आपल्या कातडीला थर असतात. वरचा थर वहाणेबरोबर ओढला जातो, आतला थर हाडाबरोबर जागीच राहतो, आणि ह्या ओढाताणीत दोहोंमध्ये फट पडते. त्या फटीत पाणी साचते. ह्यालाच आपण फोड म्हणतो. फोडावरची कातडी हे नैसर्गिक पांघरूण असते. ती ओढून काढू नये. जागा स्वच्छ धुऊन त्यावर कापडाची पट्टी बांधावी.

आमच्या लहानपणी नवी वहाण आणली की ती लगेच शाळेत घालून जाण्याची सोय नसे. आजी प्रथम तिला एरंडेल चोळी. आतून, बाहेरून, विशेषतः अंगठ्याच्या वादीला. रात्रभर ती तशीच राही. दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात घडीभर घालायची, तिसऱ्या दिवशी ओट्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. आठ दिवसांनी वहाण ‘लागली’ असे घरात जाहीर होई, आणि मग ती शाळेची वाट पाही. तेलाने कातड्यातील तंतू सुटे होतात, एकमेकांवरून सरकू लागतात आणि पायाच्या उष्णतेने व भाराने हळूहळू पायाचाच आकार घेतात, हे शास्त्र आजीला ठाऊक नव्हते. तिची कृती मात्र ह्या शास्त्राला धरूनच होती.

जे तेलाने साधत नसे त्यासाठी बाजारपेठेच्या वळणावर बसणारे एक वृद्ध चर्मकार होते. त्यांच्यापुढे रापी, आरी, लोखंडी तिवई, पाण्याची कुंडी आणि सुताचे गुंडाळे एवढीच सामग्री असे. नवा जोडा मागायला गेलेल्या माणसाला ते आधी जुना जोडा उलटा करून दाखवायला सांगत. टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे की आतल्या, चवड्याखाली खड्डा कोठे पडला आहे, अंगठा कोठवर पोचला आहे, हे पाहून तो माणूस कसा चालतो ते त्यांना कळे. मग कागदावर दोन्ही पाय ठेवायला लावून पेन्सिलीने दोहोंच्या आकृती वेगवेगळ्या काढीत. माप घेण्यास संध्याकाळीच बोलावीत, कारण पाय त्या वेळी सर्वांत मोठा असतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डावा आणि उजवा बूट पुष्कळदा एकाच आकाराचा करीत, आणि कोणत्या पायात कोणता घालायचा ते बुटाने नव्हे, तर घालणाऱ्याने ठरवायचे असे. हे त्यांना सांगितले असते तर ते पोट धरून हसले असते.

खानदेशातील काट्यांवर उपाय म्हणून मोटारीच्या जुन्या टायरचा तळ लावण्याची चाल खेड्यापाड्यांत पडली. ह्या तळातून काटा आत शिरत नाही, तो पाण्याने सडत नाही आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. परंतु तो जड असतो आणि चवड्याखाली वाकत नाही. न वाकणारा तळ टाचेला प्रत्येक पावलागणिक वर ओढतो आणि वादीशी झुंज सुरू होते. ह्यावर त्या चर्मकारांची युक्ती साधी होती. चवडा जेथे वाकतो त्या रेषेवर ते आतल्या बाजूने रापीने रबर तासून पातळ करीत. टायरला मुळात गोलावा असतोच. तो पुढे बोटांशी वर उचललेला येईल असा तुकडा कापीत, म्हणजे पाऊल आपोआप पुढे कलते. वादी चावत असेल तर ती तोडून केवळ अर्ध्या बोटाने मागे बसवीत. किती मागे, हे विचारायला नको. ते चालणाऱ्याच्या पायाकडे पाहत आणि त्यांना समजे.

ह्या ठिकाणी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ‘पायीची वहाण पायीच बरी’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे, आणि ती वहाणेविषयी नसून माणसांविषयी आहे. खालच्याने खालीच राहावे, असे ती सांगते. ज्यांच्या हातच्या कारागिरीवर सारा गाव चालत होता, त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवले आणि वर ही म्हण केली! मी वर्गात म्हणी शिकवीत असे तेव्हा ही म्हण गाळत नसे. ती समजावून देत असे.

आता वहाण चावली तर आपण काय करतो? ती काढून हातात घेतो आणि घरी येतो. परंतु जेथे पायातले पादत्राण काढलेच जाऊ शकत नाही, जेथे ते काढणे म्हणजे पाय गमावणे, अशा ठिकाणी जाणाऱ्या माणसाने काय करावे? असे ठिकाण म्हणजे बर्फाचा प्रदेश. तेथे मऊ बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतू नयेत म्हणून पायाला दोन लांब, अरुंद, पुढे वळलेल्या फळ्या बांधतात. त्यांना स्की म्हणतात. नॉर्वेच्या लोकांना ही विद्या फार पुरातन काळापासून अवगत आहे. ह्या नॉर्वेचेच एक धाडसी प्रवासी रोआल्ड आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते.

आमुंडसेन आणि त्यांचे आठ सोबती अंटार्क्टिकाच्या किनारी बर्फावर एक लाकडी घर उभारून राहिले. तेथील हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवत नाही. ह्या दीर्घ रात्रीत त्यांनी अनेक कामे केली. गाड्यांचे वजन घटविले, तंबू दुरुस्त केले. पण त्यांना सर्वांत अधिक छळले ते बुटांनी. स्कीसाठी असलेल्या बुटात दोन विरुद्ध गुण हवे असतात. खालून तो ताठ हवा, नाहीतर स्कीचे बंधन त्याला धरू शकत नाही. वरून तो मऊ हवा, नाहीतर पाय हलत नाही. आणि जो पाय हलत नाही तो गोठतो. आमुंडसेन यांनी हे दोन्ही गुण साधावेत म्हणून बूट मुद्दाम करवून घेतले होते आणि चांगले मोठे करवून घेतले होते. पण जाड मोज्यांचे थर चढवून पाय आत घातला तेव्हा तेही तोकडे पडले. मग ते बूट उसवण्यात आले. आत जागा करण्यासाठी तळाचे थर कमी केले, पुन्हा शिवले, घालून पाहिले, पुन्हा उसवले. जगाच्या टोकाला, दिव्याच्या उजेडात, ध्रुव जिंकायला निघालेली माणसे गुडघ्यावर बूट घेऊन आरी चालवीत बसली होती!

बूट तोकडा असला तर केवळ फोड येतो असे नाही. शरीराची ऊब पायापर्यंत रक्त घेऊन जाते. घट्ट बूट रक्तवाहिन्या दाबतो आणि ऊब वाटेतच अडते. म्हणून थंडी वाजते म्हणून लहान बुटात आणखी एक मोजा कोंबणारा माणूस स्वतःचा पाय आणखी थंड करीत असतो. ऊब खरे तर लोकरीत नसते. लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. गोधडी दाबून टाकली की ती गार लागते, तसेच हे आहे.

हिवाळा सरत येताच आमुंडसेन यांना धीर धरवेना. ८ सप्टेंबर १९११ रोजी आठ जण निघाले. उष्णतामापकाचा पारा शून्याखाली पन्नास अंशांहूनही खाली गेला. थोड्याच दिवसांत त्यांना माघारी फिरावे लागले, आणि घरी परत येईपर्यंत काही जणांच्या टाचा गोठल्या होत्या. हिमदंशाचा विशेष भयंकर भाग असा की पाय आधी दुखतो आणि नंतर दुखायचा थांबतो. अजाण माणसाला वाटते, बरे झाले! पण दुखणे थांबले म्हणजे निरोप आणणारा दूतच गारठला, असे समजावे. (ज्यांना मधुमेह आहे अशा काही वृद्ध माणसांच्या पायांचेही असेच होते. तळव्याची संवेदना कमी होते, वहाणेतला खडा कळत नाही आणि जखम वाढत जाते. तुमच्या घरी असे आजोबा किंवा आजी असतील तर त्यांचे तळवे रोज पाहण्याचे काम तुम्ही सहज करू शकता. त्यांना स्वतःला वाकून पाहणे जमत नाही.)

परत आल्यावर बूट पुन्हा एकदा कापण्यात आणि शिवण्यात आले. टाचा बऱ्या होईपर्यंत थांबणे भागच होते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जण पुन्हा निघाले आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. सुमारे तीन हजार किलोमीटरांचा जाण्यायेण्याचा प्रवास ९९ दिवसांत पुरा करून, जानेवारी १९१२ च्या अखेरीस पाचही जण आपल्या पायांनी चालत घरी आले. त्याच ध्रुवावर महिन्याभराने पोचलेले इंग्रज कप्तान स्कॉट आणि त्यांचे चार सोबती मात्र परतले नाहीत. त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक होती: अन्न, इंधन, हवामान. परंतु त्यांतील कप्तान ओट्स यांचे पाय इतके गोठले होते की आपल्यामुळे इतरांना उशीर होऊ नये म्हणून ते एके दिवशी तंबूतून वादळात निघून गेले, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

जोड्यापायी मोठ्या घटना कशा अडतात याचे आणखी एक उदाहरण सांगतो. २९ मे १९५३ ची पहाट. एव्हरेस्टच्या शिखराजवळ, सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर, एका लहानशा तंबूत तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी जागे झाले. तेनसिंग बूट घालूनच झोपले होते. हिलरींनी मात्र ते काढून ठेवले होते. आणि सकाळी पाहतात तो दोन्ही बूट दगडासारखे गोठलेले! जवळजवळ दोन तास ते स्टोव्हवर शेकावे लागले, तेव्हा कुठे त्यांत पाय शिरला. जगातील सर्वांत उंच शिखर त्या दिवशी दोन तास एका बुटाच्या जोडीसाठी खोळंबले होते.

पूर्वी गिर्यारोहकांच्या बुटांना खाली लोखंडी खिळे ठोकलेले असत. बर्फात ते पकड घेत, परंतु उघड्या खडकावर घसरत, आणि लोखंडातून थंडी थेट तळव्याला पोचे. म्हणून खडक लागला की जड बूट काढून ठेवायचे आणि मऊ तळाचे हलके जोडे घालायचे, अशी रीत होती. १९३५ साली इटलीतील एका पर्वतावर असे हलके जोडे घातलेले गिर्यारोहक हिमवादळात सापडले आणि त्यांतील सहा जण मरण पावले. त्यांचे सहकारी व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर ह्याच एका प्रश्नाचा ध्यास घेतला. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्यांनी खडकावर आणि बर्फावर सारखाच चालेल असा खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. ह्या कामी त्यांना साहाय्य कोणी केले असेल? पिरेली नावाच्या, मोटारींचे टायर करणाऱ्या कारखान्याने! आज जगभर डोंगर चढणाऱ्यांच्या बुटांखाली ह्याच जातीचा तळ असतो. अर्थात आमच्या वळणावरच्या चर्मकारांना ब्रामानींचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ब्रामानींना खानदेशातल्या बाभळीचे.

हल्ली स्कीवरून पर्वत चढणाऱ्यांसाठी जे बूट मिळतात, त्यांची रचना पाहण्यासारखी असते. चढताना स्कीच्या खाली केसाळ पट्टी चिकटवितात. मांजराच्या पाठीवरून शेपटीच्या दिशेने हात फिरविला तर तो सुळकन जातो, उलटा फिरविला तर केस उभे राहतात. तशीच ही पट्टी पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. चढताना बुटाचे फक्त टोक स्कीला अडकविलेले असते आणि टाच मोकळी असते. उतरण्याची वेळ आली की टाचही जखडून टाकतात आणि घोट्यामागची एक खिट्टी दाबून बुटाची मान ताठ करतात. चढताना वहाण, उतरताना चिलखत! बाहेरचे कवच कठीण प्लॅस्टिकचे असते आणि आत वेगळा मऊ बूट असतो. कातडे तेलाने व भाराने नमते, पण प्लॅस्टिकला आजीचे एरंडेल काय करणार? म्हणून तेथे उष्णता वापरतात. आतला मऊ बूट तापवून पायात घालतात आणि निवेपर्यंत स्वस्थ उभे राहतात. तो पायाचा आकार घेतो. तरीही हाड टोचत असेल तर नेमक्या त्या जागी कवचावर खूण करून, तेवढाच भाग गरम करून, आतून दाब देऊन बाहेर फुगवितात. हे काम थोडेथोडेच करावे लागते, कारण अधिक फुगविलेला भाग मागे घेणे कठीण. आपल्या देशात गुलमर्ग येथे १९४८ साली सैन्याने स्कीचे शिक्षण देणारी शाळा काढली. हिमालयाच्या सरहद्दीवर उभ्या राहणाऱ्या जवानांना हिमदंशापासून पाय राखण्याची विद्या शिकावीच लागते. महाराष्ट्राचे गिर्यारोहकही आता ह्या विद्येत मागे नाहीत. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, आणि तेथे पोचणारे ते पहिले महाराष्ट्रीय ठरले.

पण लांबचे चालणे पाहायला हिमालयातच जावे लागते असे नाही. आषाढी एकादशीसाठी आमच्या जिल्ह्यातील मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी महिनाभर पायी चालत पंढरपुरास जाते. अमळनेरहूनही सखाराम महाराजांची पालखी जाते. ह्या वाटेने अनेक वर्षे जाणाऱ्या वारकऱ्याला तुम्ही निघण्याच्या दिवशी पाहा. धोतर धुतलेले असेल, टोपी नवी असेल, पण पायातली वहाण जुनी असेल. तळ नवा घातलेली, वादी बदललेली, परंतु पायाला लागलेली. नव्या वहाणेने वारीला निघणारा नवखा आहे हे तिसऱ्या मुक्कामाला सर्वांना कळते. शाळेच्या पहिल्या दिवशी नवे बूट घालून लंगडत येणारी मुलेही मी पुष्कळ पाहिली आहेत. बूट घेताना संध्याकाळी घ्यावेत, दोन्ही पायांत घालून पाहावेत, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी, आणि शाळा उघडण्याआधी आठ दिवस ते घरात घालून फिरावे. थोरल्या भावाचे जुने बूट आले तर त्यांत त्याच्या पावलाचा खळगा पडलेला असतो. आत कापडाचा किंवा कातड्याचा नवा तळ घालून तो भरून घ्यावा.

देहू आणि आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला चर्मकार आपली तिवई मांडून बसतात आणि वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा पैसे न घेता शिवून देतात. वारकरी तेवढा वेळ एका पायावर तोल सांभाळीत उभा राहतो. आरी आत जाते, सूत ओढले जाते, गाठ बसते. वहाण पायात चढवून तो चार पावले टाकून पाहतो, आणि चर्मकार दुसरी वहाण हाती घेता घेता विचारतो, “माउली, लागते का कुठे?”